जनरेटर घरच्यांचा, धूरही घरातच

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देत आहे.

मृगाच्या आधी आलेल्या वादळात त्यांच्या वस्तीची डीपी, म्हणजे वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. पत्र लिहिलं तेव्हा अकरावा दिवस होता. लाईनमनला रोज फोन होतात आणि "साहेबांच्या कानावर घातलं आहे, ट्रान्सफॉर्मर शिल्लक नाही" हे रोजचं उत्तर मिळतं. तिसऱ्या दिवशी ताईंच्या चुलत दिरांनी पुढाकार घेऊन तालुक्याच्या मंडपवाल्याकडून 25 केव्हीएचा जनरेटर भाड्याने आणला. 45 घरं, घरामागे रोज 80 रुपये. संध्याकाळी सातला सुरू करतात, पहाटे पाचला बंद. जनरेटर ताईंच्या घराच्या भिंतीला लागून उभा आहे, कारण ट्रॉली वळायला जागा तिथेच होती. सासऱ्यांना दमा आहे. खिडकी उघडली की धूर, लावली की जीव गुदमरतो. शेजारी एकट्या राहणाऱ्या काकूंना रोजचे 80 रुपये झेपले नाहीत, तेव्हा त्यांची सर्व्हिस वायर खांबावरून काढून टाकली. गावात आता या महिन्यापासून कुणीच बिल भरायचं नाही असं ठरत आहे. नवरा म्हणतो, भावाने गावासाठी केलं, तू गप्प राहा. आपण अनुदानावर सोलर बसवून मोकळे होऊ. ताईंचा प्रश्न असा: "जनरेटरची तक्रार करू का? केली तर भाऊजींशी आणि गावाशी वैर. नाही केली तर मामाजी (सासरे) रात्रभर खोकतात. भाऊजींचा धंदा होतो आहे आणि हाल आमचे. वीज आमच्या विदर्भात बनते, जाते मुंबईला. मग आम्ही बिल तरी का भरावं?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, तिच्यापासूनच सुरुवात करतो. "जनरेटरची वायर खांबावरच्या तारेलाच जोडली, त्यामुळे घरोघर वायरी ओढायची कटकट वाचली." ताई, धूर, आवाज, पैसे, मानपान हे सगळं नंतर बोलू. ही जोडणी आज दिवस मावळायच्या आत सुटली पाहिजे. खांबावरची ती तार बंद आहे असं धरून उद्या तुमचाच लाईनमन हात घालणार आहे. दुसरं असं की ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही. वरून 11 हजार व्होल्ट आले तर खाली 230 देतो, आणि खालून जनरेटरचे 230 गेले तर वरच्या तारांत हजारो व्होल्ट उभे करतो. नवी डीपी बसली, कुणी घाईत फ्यूज टाकला आणि जनरेटर सुरूच राहिला, तर दोन कोस लांब त्याच लाईनवर काम करणारा माणूस जागच्या जागी संपेल. तसं झालं नाही आणि नुसती लाईन परत आली, तरी दोन्हीकडची वीज एकमेकांवर आदळून जनरेटर जळेल, सोबत घरोघरचे टीव्ही-फ्रीजही. भाड्याचा जनरेटर जळाला तर मंडपवाला कुणाच्या दारात उभा राहील, हे भाऊजींना सांगायची गरज पडू नये.

उपाय महाग नाही. जनरेटरची स्वतंत्र वायर ओढायची आणि प्रत्येक घरात मीटरच्या पुढे चेंजओव्हर स्विच बसवायचा. एका वेळी एकच वीज आत येईल, लाईनची किंवा जनरेटरची, दोन्ही कधीच नाही. जनरेटरला नीट अर्थिंग द्यायचं आणि त्याच्या मुख्य वायरीवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, टाकायचा. पावसाळा तोंडावर आहे, गल्लीतून डोक्याएवढ्या उंचीवर लोंबणारी आणि जोडाला नुसती पट्टी गुंडाळलेली वायर मुलांच्या हाताशी येते. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, "आपला पोरगा करतो" असं चालवून घेऊ नका. एवढं होईपर्यंत 45 घरांनी दोन रात्री कंदिलात काढल्या तरी चालतील. ही गोष्ट तुम्ही भाऊजींना स्पष्ट सांगा. यात वैर येत नाही, कारण उद्या काही झालं तर पहिलं नाव त्यांचंच निघणार आहे.

आता भाऊजींच्या धंद्याबद्दल. तुम्ही आकडे दिलेच आहेत, तर हिशेब मांडून पाहू. 45 घरांचे दिवसाला 3600 रुपये होतात. 25 केव्हीएचा जनरेटर निम्म्या भारावर चालला तरी तासाला साडेतीन लिटरच्या आसपास डिझेल पितो. दहा तासांचे 35 लिटर, आणि लिटरला 90 रुपये धरले तर 3150 रुपये झाले. उरलेल्या साडेचारशेत मंडपवाल्याचं भाडं, ऑईल आणि रात्री राखणीला थांबणाऱ्या मुलाचा चहा. यात धंदा मला दिसत नाही. उलट भाऊजी स्वतःच्या खिशातले घालत असण्याचीच शक्यता जास्त आहे. आणि आता चिडून ते काकूंसारख्या माणसावर कडक होत असतील. तुमचा राग खोटा नाही, पण तो चुकीच्या दारात उभा आहे.

हाच हिशेब आणखी एक गोष्ट सांगतो. लिटरभर डिझेलमागे तीनेक युनिट वीज मिळते. म्हणजे रात्रभरात शंभराच्या थोडी वर युनिट, घरामागे सव्वादोन. 80 रुपये देऊन सव्वादोन युनिट! युनिटला पस्तीस रुपये पडले. मीटरच्या विजेच्या चार-पाच पट दराने 45 घरं वीज घेत आहेत, आणि तरीही कूलर नीट ओढत नाही म्हणून कुरकुर आहेच.

मग दहा तास चालवायचा कशाला? गावाने एकदा बसून ठरवावं की संध्याकाळी सात ते अकरा जनरेटर चालेल. जेवणं, मुलांचा अभ्यास, मोबाईल, बॅटरीवरचे पंखे आणि दिवे चार्ज करणं, सगळं त्यात होतं. पहाटे तासभर फक्त नळयोजनेच्या मोटारीसाठी लावायचा, म्हणजे बायांची हापशीवरची रांग सुटेल. डिझेल निम्म्यावर येईल, वर्गणी 40 रुपयांच्या आसपास येईल, आणि तुमच्या घरात रात्री अकरानंतर शांतता राहील. याला विरोध होणार. तान्हं बाळ असलेलं घर म्हणेल, आम्हाला रात्री कूलर पाहिजे. बरोबर आहे त्यांचं, नवतपा गेला तरी उकाडा गेलेला नाही. पण एका-दोन घरांची ती गरज एका बॅटरी-इन्व्हर्टरवर भागते. त्यासाठी वस्तीभर रात्रभर डिझेल जाळायचं कारण नाही. ज्याच्या घरी इन्व्हर्टर पडून आहे तो चार दिवस त्या बाळाच्या घरी नेऊन लावायचा. खेड्यात एवढं अजून होतं.

काकूंची वायर तोडली, ते मला आवडलं नाही, आणि पत्रात तुम्हीही ते एका वाक्यात उरकलं आहे. 45 घरांच्या वर्गणीत एक दिवा आणि एक पंखा बसत नसेल तर तो हिशेबाचा प्रश्न नाही. ठराव असा करा: एक दिवा-एक पंखा घेणाऱ्याला कमी वर्गणी, कूलर चालवणाऱ्याला जास्त. सरसकट 80 हा दर मुळात कूलरवाल्यांच्या सोयीचा आहे. एकट्या बाईच्या एका बल्बने दुसऱ्याच्या कूलरचं डिझेल भरायचं, असा त्याचा अर्थ होतो.

जागेचं काय? मामाजींच्या दम्यासमोर "जागा तिथेच होती" हे उत्तर टिकत नाही. जनरेटर कुठे ठेवायचा याचे नियम आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राप्रमाणे 25 केव्हीएच्या जनरेटरचा धुराचा पाईप इमारतीच्या उंचीपेक्षा आणखी 1 मीटर वर जायला हवा. आवाजासाठी भोवती बंद पेटी हवी, आणि 1 मीटरवर 75 डेसिबलच्या वर आवाज नको. मंडपवाल्याचे जनरेटर लग्नात मैदानाच्या कडेला उभे करायला असतात. त्यांचा पाईप कमरेएवढ्या उंचीवर आडवा निघतो आणि समोर जी भिंत येईल तिच्यावर धूर ओकतो. तुमच्या घराची ती भिंत आहे. शाळेच्या मागे, पंचायतीच्या आवारात, देवळाच्या मोकळ्या जागेत, वाऱ्याच्या खालच्या अंगाला तो हलवता येतो. वायर थोडी लांब लागेल, इतकंच. आणि कुणी "पाऊस आला तर गोठ्यात ढकलू" म्हणालं तर हात धरून थांबवा. बंदिस्त जागेत जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न येता माणूस मारतो.

हे भाऊजींशी बोलायचं कुणी? तुम्ही नको, नवराही नको. मामाजींनी बोलावं. घरातल्या मोठ्या माणसाने पुतण्याला बोलावून "बापू, मला रात्रभर श्वास येत नाही, तेवढी ती गाडी तिकडे ने" म्हटलं, की त्यात तक्रार उरत नाही. ज्या गोष्टीसाठी सून सगळ्यांच्या नजरेत वाईट ठरली असती, ती काका सहज मागू शकतो. आणि याची वाट न पाहता मामाजींना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन आणा. औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर विजेवर चालतो, पण स्पेसर (तोंडाशी धरायची नळी) लावून घ्यायचा दम्याचा पंप विजेविना चालतो. त्यांना तो चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. खोकला वाढला, बोलताना धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका.

आता मूळ मुद्दा, लाईन. तुम्ही लिहिलंत, "सगळ्यांनी तक्रार करून झाली." ताई, लाईनमनवर ओरडणं ही तक्रार नाही. आमदारांच्या माणसाला फोन लावणं हीसुद्धा नाही. लावा जरूर, पण ती तक्रार नव्हे. तक्रार म्हणजे जिचा क्रमांक मिळतो ती. 1912 वर फोन करून नोंदवलेली, क्रमांक वहीत लिहून ठेवलेली. किंवा वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतलेली. तुमच्या गावात असा एकही कागद नसावा असा माझा अंदाज आहे. म्हणजे कार्यालयाच्या दफ्तरी तुमच्या वस्तीत अकरा दिवस काहीही झालेलं नाही!

हा कागद इतका महत्त्वाचा का, ते सांगतो. विद्युत कायदा, 2003 च्या कलम 57 प्रमाणे सेवेची मानकं ठरवली जातात आणि ती मोडली तर ग्राहकाला भरपाई मिळते. राज्य वीज नियामक आयोगाच्या मानकांत ग्रामीण भागात नादुरुस्त ट्रान्सफॉर्मर बदलायला 48 तास दिलेले आहेत. हे घड्याळ तक्रारीच्या नोंदीवर चालतं. भरपाई काही घर भरेल एवढी नसते, पण ती द्यावी लागली की ती कुणाच्या तरी नावावर पडते, आणि मग फाईल हलते. तुम्हाला उत्तर मिळेल की वादळ ही नैसर्गिक आपत्ती आहे, मानकं लागू होत नाहीत. त्यात तथ्य आहे, तशी सूट नियमात आहे. पण वादळ एका रात्री आलं आणि गेलं. रस्ते सुरू आहेत, तालुक्यात लाईन आहे, एसटी येते. नंतरच्या दहा दिवसांत कोणती आपत्ती होती, हे त्यांनी लेखी सांगावं, एवढंच अर्जात विचारा.

अर्जात लाईन गेल्याची तारीख आणि वेळ, डीपी कुठली, फीडर (उपकेंद्रातून डीपीपर्यंत येणारी लाईन) कुठला, किती घरं, त्यात आजारी आणि म्हातारी माणसं कुठे आहेत आणि पाणीपुरवठ्याची मोटार बंद आहे का, हे लिहा. पाच-सात जणांचे ग्राहक क्रमांक टाका. दोन दिवसांत हालचाल झाली नाही तर कार्यालयातल्याच तक्रार कक्षाकडे, तिथे नाही जमलं तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, ज्यांचं कार्यालय नागपूरलाही आहे. वकील लागत नाही. ट्रान्सफॉर्मर न्यायला-आणायला गावाने ट्रॅक्टर द्यायचा असा एक न लिहिलेला रिवाज आपल्याकडे झाला आहे. दिलात तर द्या, अडलेला माणूस काय करणार. पण कुणाचा ट्रॅक्टर, किती तारखेला, किती डिझेल, हे त्याच अर्जाच्या पुढच्या पानावर येऊ द्या.

आणि इथे जनरेटरबद्दल मला जे वाटतं ते बोलून टाकतो. तो आला आणि गावाचा जोर गेला. पहिले दोन दिवस चाळीस माणसं उपकेंद्रावर गेली होती, असं तुम्हीच लिहिलं आहे. तिसऱ्या दिवसापासून कुणी गेलं नाही. भांडण वीज कंपनीशी होतं ते तेव्हापासून गल्लीत आलं: कुणी किती पॉईंट लावले, कुणाचा कूलर चोरून चालतो, कुणाची वर्गणी राहिली. जनरेटर नको असं मी म्हणत नाही. पण जो वर्गणी गोळा करतो त्यानेच रोज सकाळी तक्रार क्रमांकाचा पाठपुरावा करायचा, हे काम वर्गणीला बांधून टाका. भाऊजींना गावासाठी करायची हौस आहेच.

वीज विदर्भात बनते आणि मुंबईला जाते, हे दुखणं मला ठाऊक आहे. चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॉटचं, वर कोराडी, खापरखेडा, पारस, तिरोडा, मौदा. राख आपल्या अंगणात, उजेड दुसऱ्याच्या. त्यावर भांडायला हवं, पण ते भांडण वेगळं. आज चंद्रपूरची सगळीच्या सगळी वीज तुमच्या गावाच्या नावावर केली तरी जळालेल्या डीपीतून ती घरात येणार नाही. तुमचं अडलं आहे ते शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर.

आणि त्या अर्ध्या किलोमीटरवर आपलाही थोडा हात असतो, हे ऐकायला कडू आहे. डीपी फक्त वादळाने जळते असं नाही. मे महिन्यात एकेका घरात दोन-दोन कूलर, वर आकडे टाकलेले, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या खाचेत) कुणीतरी बोटभर जाड तार ठोकलेली. फ्यूजचं काम स्वतः जळून ट्रान्सफॉर्मर वाचवायचं. जाड तार टाकली की फ्यूज राहतो आणि ट्रान्सफॉर्मर जातो. तुमच्या डीपीची पेटी उघडून वायरमनला एकदा पाहायला सांगा, काय सापडेल याचा मला अंदाज आहे. 63 केव्हीएची डीपी ढोबळमानाने 50 किलोवॉटचा भार पेलते. वस्ती वाढली, डीपी तीच राहिली असेल, तर नवी बसवली तरी पुढच्या उन्हाळ्यात हेच. म्हणून अर्जात भार मोजून क्षमता वाढवून देण्याची मागणी आत्ताच घाला. आणि लाईन येईल त्या दिवशी दवंडी द्या की सगळ्यांनी मेन स्विच बंद ठेवायचा आणि गल्लीगल्लीने सुरू करायचं. अकरा दिवसांचे तहानलेले कूलर, फ्रीज, मोटारी एका क्षणी ओढायला लागल्या तर नवी डीपी त्याच संध्याकाळी गेलेली लोकांनी पाहिली आहे.

बिल बंद करण्याच्या ठरावात तुम्ही सामील होऊ नका, आणि जमलं तर तो ठराव होऊ देऊ नका. राग समजतो. पण थकबाकी झाली की तुमची बाजू पडते. कायद्याच्या कलम 56 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन तुमची जोडणी तोडता येते, आणि थकबाकीची वस्ती म्हटली की डीपी बदलायच्या यादीत ती खाली ढकलली जाते, हा गावोगावचा अनुभव आहे. ज्यांच्याकडे बिल वाद घालण्यासारखं आहे, त्यांनी "हरकत नोंदवून भरणा करीत आहे" असं लिहून भरावं, तशी सोय त्याच कलमात आहे. सगळ्या गावाची बिलं भरलेली असणं हे तुमच्या अर्जाला जोडायचं सगळ्यात चांगलं कागदपत्र.

राहिलं सोलर. यजमानांचा विचार वाईट नाही, पंतप्रधान सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30 हजार आणि 3 किलोवॉटला एकूण 78 हजार अनुदान आहे. पण "कटकट मिटली" हे त्यांनी गृहीत धरलं आहे, तिथे गडबड आहे. या योजनेतलं साधं छतावरचं सोलर लाईनला जोडलेलं असतं आणि लाईन गेली की तेही आपोआप बंद पडतं. ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं, कारण तुमच्या छतावरची वीज खांबावर जाऊन लाईनमनचा जीव घेऊ नये. भर दुपारी 45 अंशांत, पत्र्यावर पॅनल तळपत असतानाही घरात पंखा बंद. लाईन गेल्यावर चालायला हवं असेल तर बॅटरी आणि तसा हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, त्याचे पैसे वेगळे.

मामाजींच्या एका खोलीपुरता प्रश्न असेल तर 150 एएचची (अँपिअर-अवरची) एक बॅटरी, साधा इन्व्हर्टर आणि 30-35 वॉटवर चालणारे दोन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, पंखे घ्या. जुना पंखा 75 वॉट खातो. दोन नवे पंखे आणि दोन एलईडी दिवे त्या बॅटरीवर रात्रभर निघतात, आणि ती संध्याकाळच्या चार तासांत जनरेटरवर पूर्ण नाही तरी बरीच चार्ज होते. हे आधी करा. सोलरवाला पुढच्या आठवड्यात घरी आला की त्याला एवढंच विचारा, "लाईन गेल्यावर हे चालेल का?" आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या, खाली सहीसकट.